मोकळं सोडलेलं टोक

नळी कंबरेत वाकली, डायलवरच्या काट्यानं मान टाकली आणि प्रयोगशाळेत काच तडकल्याचा आवाज घुमला. देवाजी परात्यांनी कॉक उलटा फिरवून मशीनचा दाब सोडला, जबड्यातली वाकडी नळी काढली आणि खिडकीखालच्या खोक्यात आधीच्या बावीस नळ्यांवर ठेवली. टाकली नाही, ठेवली. टाकण्याचा आवाज सरांना सोसत नाही, हे एव्हाना त्यांना कळलं होतं.

कृष्णकांत सरांनी वहीत आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि चूक त्या रेघेतच असावी तसे तिच्याकडे पाहत बसले.

सर नागपूरच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलचे लेक्चरर होते. वडील अजनीच्या रेल्वे यार्डात होते, त्यामुळे डबे डब्यांवर आदळताना बफर धक्का कसा गिळतात, हे पाहण्यातच त्यांचं बालपण गेलं. पोरं पतंगामागे धावायची, हे बफरकडे बघत उभे. मोठेपणी तोच त्यांच्या पीएच.डी.चा विषय झाला. मोटार समोरून आदळली, की तिच्या पुढच्या नळीनं स्वतः चुरगळून जावं; एकदम नाही, हळूहळू, घडीवर घडी घालत. धक्का नळीत जिरेल आणि मागं बसलेला माणूस वाचेल. नुसती ॲल्युमिनियमची नळी फार लवकर हार मानते, म्हणून तिच्यावर काचेचं सूत गुंडाळायचं आणि त्या सुताला ब्रशनं रेझिन पाजून दगडासारखं करायचं. कागदावर धातूचं आणि काचेचं उत्तम जमत होतं. मशीनच्या जबड्यात गेल्यावर मात्र काच एकीकडे तडकायची, धातू दुसरीकडे वाकायचा, आणि सरांच्या चार वर्षांना कुणी वाली उरायचा नाही.

"काटा चढला पाहिजे आणि वरच टिकून राहिला पाहिजे, देवाजी," सर म्हणाले. "चढला आणि पडला, म्हणजे मागचा माणूस मेला."

"आज तेविसावा गेला मंग."

सर हसले नाहीत. देवाजींनी डायलवर कापड टाकलं. करवती काठाचा, विटक्या मरून रंगाचा तो तुकडा त्यांनी नऊ वर्षांपूर्वी, नोकरीला लागले त्याच आठवड्यात आणला होता आणि दर शनिवारी ते तो स्वतः धुवायचे. स्टोअरकीपर चंद्रभाननं एकदा ग्रीसचा हात त्याला पुसला, तेव्हा देवाजी आठ दिवस त्याच्याबरोबर चहाला गेले नव्हते. चंद्रभान तेव्हापासून त्या कापडाला "साहेबाची टोपी" म्हणायचा आणि हात मात्र दुसरीकडे पुसायचा.

"सर, राग नका मानू," देवाजी म्हणाले. "सूत ढिलं बसून राहिलं. तुम्ही अक्षर काढल्यासारखं गुंडाळता. त्याले ताण पाहिजे. पहिल्या फेऱ्याले जेवढा, तेवढाच शेवटच्याले."

सरांनी मान वर केली. "तुम्ही कामठीचे विणकर ना? मग तुम्हीच गुंडाळा की. येत असेल तुम्हाला."

"येते ना," देवाजी म्हणाले.

ही देवाजींची पहिली थाप. कोष्ट्याच्या घरात माग पुरुषाचा आणि रहाट बाईचा. देवाजींनी वीस वर्षं मागावर बसून धोटा इकडून तिकडे फेकला. पण त्या धोट्यात बसणारी सुताची कांडी त्यांनी जन्मात एकदाही भरलेली नव्हती. हात पुढं केला की भरलेली कांडी हातात येते, ती झाडाला लागत असावी, अशा समजुतीनं जगलेल्या पुरुषांपैकी ते एक. सरांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सरांच्या लेखी विणकर म्हणजे विणकर.

दुपारच्या सुटीत देवाजींनी तीन वेळा प्रयत्न केला. सूत घसरलं, तुटलं, आणि त्याची कुसं करंगळीत शिरली. संध्याकाळी त्यांनी दोन कोऱ्या नळ्या आणि काचेच्या सुताचं रीळ डब्याच्या पिशवीत घातलं. दारात चंद्रभान उभाच होता.

"का गा देवाजीभाऊ, वहिनीले आज काचेची भाजी?"

"घरी नेऊन राहिलो. निवांत होते काम."

"घरी तुह्याच्यानं काम होते, हे वहिनीले इचारून सांगजो मले," चंद्रभान म्हणाला आणि रजिस्टरात 'रीळ एक, देवाजी' असं लिहून मोकळा झाला.

कामठीच्या घरात पुढच्या खोलीची जमीन एका जागी जरा खचलेली होती. तिथं मागाचा खड्डा होता. त्यात पाय सोडून देवाजींचे वडील बसले, मग देवाजी बसले. पॉवरलूमची धडधड गल्लीत शिरली आणि एकेक करून खड्डे बुजत गेले. देवाजींचा बुजला चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये. त्यांची बायको कौशल्या तेव्हा माहेरी, भिवापूरला, मिरच्यांचे देठ खुडायला गेली होती. ती घरात असती तर त्यांच्यानं माग विकवला नसता, म्हणून त्यांनी तोच आठवडा धरला. ती परत आली तेव्हा खड्ड्यावरचं सारवण ओलं होतं. मागावर एक लुगडं अर्धं विणलेलं होतं. त्याच्या सगळ्या कांड्या कौशल्यानं भरलेल्या. त्याचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एरवी त्या घरात भांडणाची टंचाई नव्हती. भाजीतल्या मिठावरून, पाहुण्यांवरून, नळाच्या पाण्यावरून रोज एखादं व्हायचंच. या एका गोष्टीचं भांडण तेवढं नऊ वर्षं बाकी राहिलं होतं. आणि घरात फिरताना दोघंही ती खचलेली जागा टाळून पाय टाकत.

"हे काय?" पिशवीतून निघालेल्या रिळाकडे पाहून कौशल्यानं विचारलं.

"काचेचं सूत. या नळीवर गुंडाळा लागते. कॉलेजचं काम."

"मंग गुंडाळा."

"माहा हात थरथरते आता."

"जेवतानी नाही थरथरत." तिनं नळी हातात घेतली, तिच्या आत पाहिलं. "कशाले लागते हे?"

खरं तेव्हाच सांगता आलं असतं. तू गुंडाळशील, मी नेईन, मशीनखाली घालून चुरगळून टाकीन, उद्या दुसरी दे. देवाजींची नजर त्या खचलेल्या जागेकडे गेली.

"मोटारीच्या पुढं बसवतेत," ते म्हणाले. "टक्कर झाली तं मागचा माणूस वाचते."

ही दुसरी थाप. निम्मी खरी होती, म्हणून पहिलीपेक्षा जास्त टिकाऊ.

"माणूस वाचते?"

"सर म्हणते ना."

कौशल्यानं माळ्यावरून रहाट काढायला लावला. तो त्यांनी मागाबरोबर विकला नव्हता, कारण रहाट तिचा होता. त्यावरची नऊ वर्षांची धूळ तिनं पदरानं पुसली, नळीत चिंधी ठासून ती रहाटाच्या फिरत्या सळईवर, चातीवर, घट्ट बसवली आणि बोटांना खोबरेल लावलं.

"हाताले टोचन वं," देवाजी म्हणाले. "काच हाये ते."

"भिवापूरची पोर आहो मी. मिरच्या खुडण्यात हात गेले माहे. काच काय करते मले?"

आणि ती त्या खचलेल्या जागेवरच बसली. घरात सपाट जमीन पुष्कळ होती. देवाजी बाहेर ओट्यावर गेले. थोड्या वेळानं आतून रहाटाची घरघर सुरू झाली. आधी अडखळत, मग एकसारखी. समोरचे बाबाराव आपल्या दारात आले, त्यांनी कान दिला आणि तिथंच उभे राहिले. त्यांचाही माग गेलेला होता.

सकाळी बसमध्ये देवाजींनी नळी पिशवीतून काढून पाहिली. सूत असं बसलं होतं, की नख शिरायला जागा नाही. फक्त एका टोकाला दोन बोटं जागा उघडीच होती; तिथं नुसता धातू चमकत होता. रीळ तर उरलं होतं. मग विसरली की काय?

"हे टोक राहिलं," सर म्हणालेच.

"सोडलं, सर," देवाजी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. कुणी सोडलं एवढंच नव्हतं.

सरांनी नाराजीनंच रेझिन पाजलं. दोन दिवसांनी सूत टणक झालं, तेव्हा देवाजींनी नळी जबड्यात उभी केली आणि कॉक उघडला. काटा चढला. चढता चढता थबकला, आणि मोकळ्या टोकाशी धातूला एक वळी पडली. काटा जरासा उतरला, पुन्हा वर गेला. पहिलीच्या खाली दुसरी वळी पडली. काच कुरकुरत होती, पण सुटत नव्हती. धातूला धरून त्याच्याबरोबर दुमडत होती. तिसरी. चौथी. वीतभर नळी तीन बोटांची झाली, तोवर काटा वरच्या वर डुलत राहिला. कागदाच्या फिरत्या रिळावर मशीनच्या पेननं जी रेघ काढली होती, ती चढून पुढं कन्हान नदीच्या पाण्यासारखी बारीक लाटांनी चालली होती.

सरांनी त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी चंद्रभानला हाक मारून सगळ्यांसाठी तर्रीपोहे मागवले. ही गोष्ट त्या प्रयोगशाळेत आधी घडली नव्हती, पुढंही घडली नाही.

दोन दिवसांनी सरांना त्याचं कारणही सापडलं. मोकळं टोक कमजोर. म्हणून मोडणं तिथूनच सुरू झालं. एकदा वाट मिळाल्यावर ते घडीमागून घडी पुढं सरकत गेलं, मध्येच कुठंतरी एकदम फुटण्याची त्याला गरज उरली नाही.

"तुम्हाला सुचलं कसं हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात सोडतेत, सर."

सरांनी तेही वहीत लिहिलं.

त्या हिवाळ्यात नळ्या जात राहिल्या आणि रहाट फिरत राहिला. देवाजींच्या संध्याकाळी जुन्या वळणावर आल्या. ते ओट्यावर बसत, आतून घरघर येई, मध्येच ती थांबली की धागा तुटला हे त्यांना न बघता कळे, आणि पुन्हा सुरू झाली की ते थांबवलेला श्वास सोडत. कौशल्या काम करताना पूर्वीसारखी स्वतःशी बोलू लागली होती. एकदा तिनं आतूनच विचारलं, "परवाची कुठी लागली?"

"पुण्याले गेली," देवाजी म्हणाले.

एकदा तोंड उघडल्यावर पुढच्या नळ्यांचीही सोय लावणं आलं. एक कलेक्टरच्या जीपला लागली. दोन कामठीच्या छावणीत, मिलिटरीच्या ट्रकला. एक तर, तिचा चेहरा खुलेल म्हणून, त्यांनी भिवापूरच्या एसटीला बसवली. चेहरा खुललाही. पण कौशल्यानं ती गोष्ट पत्रातून भावाला कळवली. भाऊ रुपराव आठवड्याला मिरची घेऊन नागपूरला येणारा माणूस. तो तेव्हापासून धावत जाऊन ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरायला लागला. "बहिणीची नळी हाये समोर, मले काय होते," असं तो अख्ख्या गाडीला सांगायचा. हे कळलं त्या रात्री देवाजी नीट जेवले नाहीत. कौशल्यानं भाजीतल्या मिठाला दोष दिला.

फेब्रुवारीत सरांच्या गाईडचं मुंबईहून पत्र आलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि देवाजींसमोर ठेवलं, जणू इंग्रजी पत्र देवाजींना जास्त कळणार होतं.

"ते म्हणतात, हाताच्या कामातून इतके सारखे आकडे येत नाहीत. म्हणजे मी आकडे घरी बसून लिहिले, असं त्यांना म्हणायचंय. बुधवारी येतायत. त्यांच्यासमोर नळी गुंडाळून दाखवायची. नाहीतर ते प्रबंधावर सही करणार नाहीत." सरांनी पत्राची घडी घातली. "तुमच्या हातावर आहे आता."

देवाजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. चंद्रभान दारात रजिस्टर घेऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "सांगून टाक गा. सुताचं रीळ रोज कामठीले जाते अन् तुह्या बोटाले एक ओरखडा नाही. मले काय डोये नाहीत?"

"सर," देवाजी म्हणाले, "नळ्या मी नाही गुंडाळत. बायको गुंडाळते."

"कुठल्या?"

"साऱ्याच."

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "आणि ते मोकळं टोक?"

"तिचंच."

"मग त्यांना घेऊन या," सर म्हणाले. रागवायला त्यांच्याकडे बुधवारपर्यंत वेळ नव्हता.

"आणतो सर. पण एक करा. ती असेपर्यंत मशीन नका लावू."

"का?"

"तिले वाटते, नळ्या गाड्यांमध्ये लागतेत." देवाजी खिडकीखालच्या खोक्याकडे न पाहता म्हणाले. "मी तसं सांगतलं."

सरांनी मात्र खोक्याकडे पाहिलं. दुमडलेल्या नळ्यांचे आता तीन खोके झाले होते. "मशीनच्या वेळी त्यांना चहाला पाठवतो," ते म्हणाले.

बुधवारी कौशल्या हिरवं लुगडं नेसून, मांडीवर रहाट घेऊन बसमध्ये बसली. देवाजींनी कामठीपासून सदरपर्यंत तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ऊन वाढल्याचं बोलले, दुसऱ्यांदा बसच्या गर्दीचं, तिसऱ्यांदा पुन्हा उन्हाचं.

"आज तुमचं काय हारपलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

प्रयोगशाळेत चंद्रभाननं तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. ती तिनं बाजूला सारली, पोतं मागून घेतलं आणि खाली बसली. मुंबईचे गाईड उंच, ओढल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. ते आधी उभ्यानं पाहत राहिले. पण वरून काही दिसेना, तेव्हा सुटाबुटासकट उकिडवे झाले. रहाट फिरू लागला. सूत एका तिरक्या रेषेत चढत गेलं, वळलं, उलट उतरलं आणि आपल्याच आधीच्या वाटेला काटकोनात छेदत गेलं.

"ताण कसा मोजता तुम्ही?" गाईडनी विचारलं.

"मोजते कोण, साहेब? जास्त झाला तं सूत गाते. कमी झाला तं मुकं राहते. या, ऐका."

गाईडनी खरंच कान खाली नेला. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा रंग जरासा परत आला. टोकाशी दोन बोटं राहिली, तेव्हा कौशल्यानं धागा तोडून बारीक गाठ मारली.

"हे का सोडलं?"

"मागावर कापड शेवटलोक विणत नाहीत, साहेब. चार बोटं धागे तसेच सोडतेत. त्याहीलेच पुढचे धागे सांधा लागतेत, एक एक करून. सारं भरून टाकलं तं पुढच्यानं धरावं कुठी?" तिनं नळी उभी धरली. "हे लहान, म्हणून दोनच बोटं."

गाईडनी सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. त्या दोन बोटांवर त्यांच्या प्रबंधात बावीस पानं होती.

"आता एक चुरगळून दाखवा," गाईड उठत म्हणाले. "परवाची तयार असेलच."

"कौशल्याबाई, तुम्ही जरा चहा—" सरांनी सुरुवात केली.

"काय चुरगळून?" कौशल्यानं विचारलं.

तिनं एकेकाकडे पाहिलं आणि सर्वांत शेवटी देवाजींकडे. देवाजींनी डायलवरचं कापड काढून स्टुलावर ठेवलं, कपाटातून नळी काढली आणि जबड्यात उभी केली. परवाची, तिच्याच हातची. कॉकवर हात ठेवून ते थांबले.

"करा ना," ती म्हणाली. "मलेही पाहू द्या."

त्यांनी कॉक उघडला. वरचा जबडा दिसेल न दिसेल असा खाली आला. मोकळं टोक आधी बसलं. मग काच कुरकुरली आणि वळीवर वळी पडत गेली. गाईड काट्याकडे पाहत होते, सर कागदावरच्या रेघेकडे. देवाजी कुठंच पाहत नव्हते. कौशल्या एकटी नळीकडे पाहत होती, शेवटपर्यंत.

"हुबेहूब," गाईड म्हणाले, आणि दोघं रेघेवर वाकून आकड्यांत शिरले.

"अशा किती?" कौशल्यानं विचारलं. आवाज वाढलेला नव्हता.

"एक्केचाळीस," देवाजी म्हणाले.

"हे धरून?"

"धरून."

"अन् भिवापूरची गाडी?"

देवाजींनी जबडा वर घेतला. चंद्रभानला एकदम स्टोअरमधलं काहीतरी काम आठवलं. कौशल्या उठली आणि दुमडलेली नळी उचलायला गेली. हात लागताच तिनं तो मागं घेतला.

"तापली."

"हो," सर मान वर करून म्हणाले. "सगळा धक्का तिनं आत घेतला ना. मागच्यापर्यंत जाऊ दिला नाही."

चुलीवरचं भांडं धरायला चिंधी घ्यावी, तसं तिनं न बघता स्टुलावरचं कापड ओढलं आणि त्यात नळी उचलली. वळ्यांवरून अंगठा फिरवला. "निऱ्या तं एकसारख्या पडल्या," ती म्हणाली. मग अंगठा थांबला. नळीवर नाही, कापडावर.

तिनं नळी स्टुलावर ठेवली आणि कापड दोन्ही हातांनी उलगडलं. करवती काठ. काठापासून हातभर आत मरून रंग एका छटेनं फिका झालेला. त्या अर्ध्या लुगड्याच्या वेळी रंग कमी पडला होता, आणि गांधीबागेच्या बाजारातून दुसरा आणला तो काही केल्या जुळला नव्हता. त्या कांड्या भरताना तिनं रंगाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. तिनं तुकड्याचं टोक शोधलं. तिथं चार बोटं धागे न विणलेले होते, आणि दहा-दहाच्या जुड्या करून त्यांना गाठी मारलेल्या होत्या. गाठी पुरुषाच्या हातच्या होत्या, ओबडधोबड. घाईत माग विकून मोकळा होणारा माणूस कापडाला भिडवून कातर चालवतो. ही कातर चार बोटं लांबून चालली होती.

"मशीनवर धूळ बसते," देवाजी म्हणाले. "म्हणून आणलं होतं."

"कोण धुते?"

"मी."

"ऊन पाण्यात?"

"नाही. थंड्या."

"सावलीत वाळवता?"

"हो."

एका जुडीची गाठ सैल झाली होती. कौशल्यानं बोटं जिभेला लावून ओली केली, ते धागे एकमेकांवर पिळले आणि गाठ पुन्हा मारली. बारीक, न दिसणारी. मग तिनं कापड झटकलं, नीट घडी घातली आणि डायलवर टाकलं. जरा तिरपं पडलं होतं, ते सरळ केलं.

गाईडनी कागद गुंडाळले. "ती बावीस पानं राहू द्या," ते सरांना म्हणाले. "पण त्यांच्याआधी एक परिच्छेद घाला. बाई आत्ता बोलल्या तोच. तुमच्या पानांपेक्षा तो लवकर समजतो."

सरांनी मान हलवली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी वहीत रेघ न मारता वही मिटली.

संध्याकाळी मोरभवनच्या स्टँडवर दोघं कामठीच्या गाडीची वाट पाहत उभे होते. रहाट देवाजींच्या खांद्यावर होता. कौशल्याच्या हातातल्या पिशवीत ती दुमडलेली नळी होती. न मागता सरांनीच दिलेली. पलीकडच्या फलाटावरून भिवापूरची गाडी निघाली. ड्रायव्हरच्या शेजारी कुणीतरी पागोटेवाला पिशव्या मांडीवर घेऊन ऐटीत बसला होता. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत दोघंही तिच्याकडे पाहत राहिले.

"उद्या रुपरावले कार्ड टाका," कौशल्या म्हणाली.

"काय लिहू?"

"लिहा, गाडीत मागच्या सीटवर बसत जा."

देवाजींनी रहाट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "काहून म्हणून इचारलं तं?"

कामठीची गाडी लागली. कौशल्यानं पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि मागं न वळता म्हणाली,

"लिहा, ते नळी बहिणीनं परत मागवून घेतली. घरी लागत होती म्हणा."